मनोऱ्याचा दिवा आणि एक जादा ठोका

३ मे

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद, आणि विमानातून उतरल्यापासून साठलेले आणखी काही.

ठण् ठण् ठणाठण्, आणि मागाहून कुणी न बोलावता आलेलं एक ठक्. काल दुपारी हा आवाज माझ्या कानात शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही. तुला आठवतो का गं? तू तेव्हा चिंध्यांच्या ढिगात बसून चिंध्याच खायचीस, त्यामुळे तुझी साक्ष धरता येत नाही. पण डोळे मिटले की मला सगळं जसंच्या तसं दिसतं. बाबांचं शिलाईचं दुकान, शाळा सोडून खिडकीपाशी काजं करत बसलेला दादा, सुई टोचू नये म्हणून त्याच्या मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान, आणि गुडघ्याशी बटणांचा पत्र्याचा डबा. मी शाळेतून येऊन उद्याची कविता म्हणायची आणि त्याने दोन टाक्यांच्या मध्ये अंगुस्तानाने त्या डब्यावर ताल धरायचा. ओळ संपली की तो दाताने दोरा तोडायचा, आणि हात खाली येताना अंगुस्तान पुन्हा एकदा डब्यावर पडायचं. तेच ते जादा ठक्. मला वाटायचं ते कवीनेच लिहिलेलं आहे. वर्गात नावाड्याची कविता म्हणताना मी प्रत्येक ओळीनंतर थांबायचो. गुरुजींनी कारण विचारलं, तेव्हा दोरा तुटायची वाट बघतोय असं खरं सांगून मी छडी खाल्ली होती.

असो. इकडची हकिकत अशी, की लेक आणि जावईबापू मला तळहातावर ठेवतात आणि दर दोन तासांनी बघायला घेऊन जातात. या गावात बघण्यासारखं एक कारंजं आहे. ते दुरुस्तीसाठी बंद आहे. त्याला हिरव्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं आहे आणि लोक त्या ताडपत्रीचे फोटो काढतात. मात्र शेजारच्या गल्लीतली, कारंज्याची आठवण विकणारी दुकानं उघडी आहेत. मी मोजली. एकोणीस. तिथे कारंज्याच्या आकाराची मीठदाणी आहे, कारंजं छापलेली उशी आहे, चड्डीही आहे. एका दुकानात त्या कारंज्याचं पाणी बाटलीत भरून ठेवलं आहे. कारंजं सहा महिने कोरडं, मग हे पाणी कुठलं, असं मी जावईबापूंना विचारायला सांगितलं. त्यांनी विचारलं नाही. भिडस्त स्वभाव.

तुला माहीतच आहे, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. चूक दिसली की माझा हात पेन्सिलीकडे जातो. या गल्लीत तर मला खांद्यापासून दुखायला लागलं. तेव्हाच मी लेकीसमोर जाहीर केलं, की मी रिकाम्या हातांनी आलो तसाच रिकाम्या हातांनी परत जाईन. आपल्या घराण्यात परदेशातून काही न आणणारा एक तरी माणूस होऊन गेला अशी नोंद राहू दे.

हे जाहीर करत होतो आणि त्याच गल्लीत, कुठल्याशा दुकानातून, तो आवाज आला. शप्पथ, चिमे. जादा ठोक्यासकट. मी थबकलो. पण बस सुटेल म्हणून लेकीने मला ओढत नेलं.

दादा दिसतो का? सहज विचारलं. माझं नाव काढतो का, असं मी विचारलेलं नाही, याची नोंद घे.

तुझी माया आहे तेवढी असू दे. तिच्यातली थोडी झाडांना पाणी घालताना वापर.

तुझा,
भाऊ

१४ मे

ती. भाऊस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. झाडं जिवंत आहेत. मोरीचा नळ गळत होता तो मी दोरीने बांधला, आता दोरी गळते. तुझ्या अंथरुणावर शेजारणीचं मांजर झोपतं आणि मी त्याला उठवत नाही. कारण ते तुझ्यापेक्षा कमी घोरतं.

काल तुझं बोळातलं कपाट झाडायला काढलं. लोकांनी परदेशातून आणून दिलेली ती सगळी भुतावळ तू अजून जपून ठेवली आहेस, आणि एकेकीच्या बुडाला चिठ्ठी! मी नोकरीत तीस वर्षं रुग्णांच्या पायथ्याशी तक्ते लावले, पण त्यावर काही असलं लिहिलं नाही. दातांच्या डॉक्टरांचे लाकडी जोडे: दोन्ही डाव्या पायाचे. तुझ्या साडूंचा काचेचा गोळा: आतला बर्फ पिवळा पडला आहे, हलवू नये. हसून हसून मला ठसका लागला. मग माझं शिंपल्यांचं जहाज उलटं केलं. चिमीकडून. बुडालेलं बरं.

भाऊ, ते जहाज मी बोटीच्या सहलीत, उलट्या थांबवून, तुझ्यासाठी निवडलं होतं. तुला मी क्षमा करते, कारण मला दुसरे उद्योग आहेत. पण त्या क्षणी मला दादा कळला.

बारा वर्षं तू एकच टुमणं लावलं आहेस, की खोकी बदलली. बदलली असतील. दादाच्या मुलाच्या लग्नाला द्यायचं भिंतीवरचं घड्याळ आणि दादाने सात देशांच्या सहलीतून तुला आणलेला तो मनोऱ्याचा दिवा एकाच मापाच्या खोक्यांत होते, आणि तू घाईत चुकीचं खोकं उचललंस. मान्य. पण तू तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी कविता ऐकवत होतास. दादाच्या शेजारी मी होते. त्याने मोठ्या हौसेने सगळ्यांदेखत खोकं उघडलं, माझ्या भावाने काय पाठवलंय बघा म्हणून. आतून त्याचाच दिवा निघाला. तोवर तो हसतच होता. मग त्याने दिवा उलटा केला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली, कारण पाहुण्यांना वाटलं आशीर्वादाच्या चार ओळी असतील. दादाकडून. भयाण. पाहुण्यांपासून दूर ठेवणे.

सगळे हसले. दादा सगळ्यांत शेवटी हसायचा थांबला. मग खोक्याचं झाकण लावून त्यावर हात ठेवून बसला. शिंपी माणूस, झाकण सरळ बसलं का हे त्या वेळीही त्याने तपासलं.

आता खरी बातमी. दादा दुकान बंद करतो आहे. नजर गेली नाही, पण सुईत दोरा घालायला दुपार लागते. मुलगा त्याला आपल्याकडे नेतो आहे, पार तिकडे, बसने पूर्ण दिवसाच्या प्रवासावर. मुलगा प्रेमळ आहे, पण वडिलांना कोपऱ्यापर्यंतही एकटं सोडत नाही. पाच जुलैला निघायचं ठरलं आहे. तू अठ्ठावीस जूनला येतोस. मध्ये एक आठवडा मिळतो. तेवढ्यात तुम्हा दोघांचं बोलणं झालं नाही, तर या वयात पुन्हा कुठे व्हायचं ते तूच सांग.

नाव काढतो का, हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही.

राग आहेच, पण खाली मायाही आहे. दोन्ही ठेवून घे.

तुझी,
चिमी (बुडालेल्या जहाजाची मालकीण)

२६ मे

चि. चिमीस,

अ. उ. आ.

जहाजाबद्दल मी मान खाली घालून वाचलं. दुरुस्ती अशी करावी: चिमीकडून. अजून तरंगते आहे.

दादाबद्दलही वाचलं. तीन वेळा. मग खिडकीत जाऊन बसलो. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालते, तिला वाटलं असेल म्हातारा चादरी मोजतोय.

तुला एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. या बारा वर्षांत मी दादाला अकरा पत्रं लिहिली आणि अकराही फाडली. प्रत्येक पत्र चांगलं सुरू व्हायचं आणि तिसऱ्या परिच्छेदात त्या दिव्यावर घसरायचं. चिमे, तुला तो आठवत नाही म्हणून तू अशी बोलतेस. सोनेरी मनोरा, पोटात घड्याळ, पाठीला तापमापक, आणि बटण दाबलं की सगळा गुलाबी! त्या उजेडात तुझी वहिनी मला भाजल्यासारखी दिसली होती. हे सगळं मी दादाला समजावून सांगायला जायचो आणि क्षमेला जागाच उरायची नाही.

आता काय घडलं ते ऐक, आणि बसून ऐक.

परवा मी एकटाच त्या गल्लीत गेलो. लेकीला सांगितलं, चक्कर मारतो. सातव्या की आठव्या दुकानात तो आवाज सापडला. फळीवर पत्र्याची अस्वलं. उभी, दोन वीत उंच, पहारेकऱ्याचा लाल डगला, गळ्यात ढोल, ढोलावर या गावाचं नाव, आणि हे तू नीट वाच, टोपीतून वर आलेलं निळ्या प्लास्टिकचं कारंजं. पाठीत किल्ली. किल्ली दिली की अस्वल ढोल वाजवतं आणि कारंजं थरथरतं. इतकी गचाळ वस्तू मी मुद्रितातल्या चुकांमध्येही पाहिली नव्हती. दुकानातल्या बाईने मला एकेक वाजवून दाखवलं. ठण् ठण् ठणाठण्. ठण् ठण् ठणाठण्. सगळी शहाणी. माझा आवाज नव्हताच तो. मी निघालो. तेवढ्यात तिने कोपऱ्यातलं एक घेतलं, तिला ते बाजूला ठेवून द्यायचं होतं, पण किल्ली फिरली. ठण् ठण् ठणाठण्. ठक्.

त्याचा डावा हात खांद्यात ढिला आहे. फेरी संपली की तो आपोआप ढोलाच्या कडेवर पडतो.

मला खुर्ची द्यावी लागली. आता खरी पंचाईत पुढे. मला तेच हवं होतं आणि बाईला ते द्यायचं नव्हतं. तिने खुणेने सांगितलं, हे बिघडलेलं आहे, चांगलं घ्या. मी खुणेने सांगितलं, बिघडलेलंच द्या. तिला वाटलं मला कळलं नाही. ती आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि माझ्या अस्वलाचा खांदा घट्ट करायला बसली. मी ते तिच्या हातातून हिसकावलं, चिमे. या वयात, परक्या देशात, एका सज्जन बाईच्या हातातून पत्र्याचं अस्वल हिसकावून छातीशी धरून उभा राहिलो. तिने माझ्या खिशातली, हरवलो तर म्हणून लेकीने लिहून दिलेली चिठ्ठी वाचून लेकीला फोन लावला. लेक आली. त्यांच्या भाषेत तिने बाईला काय सांगितलं कोण जाणे, पण बाईचे डोळे भरून आले आणि तिने माझ्या गालाला हात लावला. लेक घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जावईबापू मात्र हळूच येऊन किल्ली देऊन गेले.

तर मी काही आणणार नव्हतो आणि मी हे आणतो आहे. अठ्ठावीसला उतरलो की एकोणतीसला हातात अस्वल घेऊन दादाच्या दुकानात जायचं, बोलायचं काही नाही, फक्त किल्ली द्यायची. तो ओळखेल. तोवर तोंडातून शब्द काढू नकोस. आनंदाची बातमी पोटात ठेवायला तुला किती त्रास होतो ते मला ठाऊक आहे. तरी ठेव.

लोभाला किल्ली देत राहा.

तुझा,
भाऊ

६ जून

ती. भाऊस,

सा. न. वि. वि.

टोपीतून कारंजं! हे मी मोठ्याने वाचलं आणि मांजर उठून गेलं.

पण तुझा बेत कच्चा आहे. बोलायचं काही नाही म्हणे. बारा वर्षं तेच तर चाललंय. मी लहान मुलांना सुई टोचायचे तेव्हा एका हाताने खुळखुळा वाजवायचे, पण सुई दुसऱ्या हाताने टोचायचेच. तू नुसता खुळखुळा घेऊन निघाला आहेस.

शिवाय तारीख अलीकडे आली. मुलाला सुट्टी मिळाली ती याच महिन्यात. ते आता चोवीस जूनला निघतात. दादाला पोचवून त्याची खोली लावून द्यायला मीही आठ दिवस सोबत जाते आहे. म्हणजे तू उतरशील तेव्हा घरी मांजर असेल.

म्हणून मी शनिवारी दादाच्या दुकानात गेले. आवराआवर चालली होती. कापडाचे तागे गेले, शिवणयंत्र गेलं, भिंतीवर फक्त मापांच्या वह्यांची फळी उरली होती. मी कपडे घालून बघायच्या खोलीत दोरी शोधायला गेले. पडदा सरकवला तर आत सगळं गुलाबी.

भाऊ, तुझा दिवा तिथे आहे. बारा वर्षं आहे. आरशाच्या वर, खिळा मारून. घड्याळ बंद पडलं आहे, तापमापकातला पारा कुठेतरी निघून गेला आहे, पण उजेड चालू आहे. त्या उजेडात कुठलाही माणूस तरतरीत दिसतो, त्यामुळे गिऱ्हाईक सदऱ्याला नावं ठेवत नाही, असं दादा म्हणाला. मी बुडाला हात लावून पाहिला. चिठ्ठी तशीच आहे, कडा पिवळ्या झालेली. काढली का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाला, काढायची कशाला, धाकट्याचं अक्षर सुरेख आहे. गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो सांगतो की माझ्या भावाने भेट दिलाय, त्याला शिक्षण फार पण पसंती अशी.

मग मी आणखी एक विचारलं, की सात देशांत तुला हाच दिवा मिळाला का. त्याने कात्री पुसून खाली ठेवली. मग म्हणाला, की तो शाळा सोडून दुकानात बसला त्या दिवशी तू रडत होतास. त्याने तुझी समजूत घातली, की दोघांतल्या एकाने वाचलं तरी पुरे, आणि तुला वाचायला मी एक स्वतःचा दिवा आणून देईन. ते राहून गेलं. पुढे पन्नास वर्षांनी सहलीत दुकानात दिवा दिसला. तो तुझ्यासाठी घेतला आणि फुटू नये म्हणून उरलेले चार देश बसच्या खिडकीशी मांडीवर धरून बसला. त्यामुळे त्याने बाहेरचं काही पाहिलंच नाही. गुलाबी आहे हे त्याला इथे आल्यावर कळलं. दुकानात तो बंद होता.

आता तुझ्या सुंदर अक्षरात एक पत्र लिही. बाराव्यांदा. आणि या वेळी फाडू नकोस. चोवीसच्या आत माझ्या हातात पडलं तर मी त्याच्या हातात देईन.

घाईत आहे, पण तुझीच आहे.

चिमी

१४ जून

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार.

आज चिमीचं पत्र आलं. जावईबापू विमानाच्या कचेरीत जाऊन आले, आधीच्या दिवसाची जागा नाही. म्हणून हे लिहितो आहे. जादा तिकिटं लावून जलद टपालाने जाईल.

खोकी बदलली हे खरं आहे. पण चिठ्ठी बदललेली नव्हती. ती मीच लिहिली, शुद्धीवर असताना, आणि लिहून झाल्यावर मला ती आवडली होती. छापखान्यात दुसऱ्याच्या चुकांवर खुणा करून करून मला वाटू लागलं होतं, की समासात उभा असतो तोच शहाणा. मी त्या समासात तुझ्या जिवावर पोचलो, हे मात्र कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. मला सगळ्या कविता शाळेत शिकवल्या. तुला त्या माझ्याकडून नुसत्या ऐकून पाठ झाल्या, आणि माझी ओळ अडली की तू काज करता करता पुढचा शब्द द्यायचास. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, की पहिला नंबर खरा कुणाचा होता. मला माहीत होतं.

दिवा मला अजूनही वाईट वाटतो. खोटं लिहिलं तर तू ओळखशील. पण तू चार देश खिडकीबाहेर न बघता तो मांडीवर धरून बसलास, आणि मी तो चार महिने कपाटात अंधारात ठेवला. पाहुण्यांपासून दूर ठेवायची वस्तू तो नव्हता.

मला क्षमा कर. बारा वर्षांत ही ओळ मी आज पहिल्यांदा पूर्ण केली.

मी अठ्ठावीसला घरी पोचतो. तू तोवर गेलेला असशील. थोडी विश्रांती घेतली की तुझ्या नव्या पत्त्यावर येईन. सोबत एक वस्तू आणतो आहे. ती दिव्यापेक्षा वाईट आहे. हसायचं असेल तेवढं हस, फक्त दारातून परत पाठवू नकोस.

पायांवर डोकं ठेवून,

तुझा धाकटा

२४ जून, निघता निघता

ती. भाऊस,

सा. न. वि. वि.

हे तुझ्या टेबलावर, मांजर बसणार नाही अशा जागी ठेवते आहे.

तुझं पत्र परवा आलं, लगेच दादाकडे नेलं. त्याने चष्मा लावला, खिडकीशी गेला, वाचलं. परत वाचलं. मग गळ्यातली मापाची पट्टी काढून पत्राची लांबी घेतली. रुंदीही घेतली. घडी घालून ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि खिशाला वरून दोन टाके घातले. मी विचारलं, काही निरोप? तर म्हणाला, सामान बांध.

आज सकाळी त्याचा मुलगा बांधलेलं सामान मोजत होता. मी मनोऱ्याचा दिवा कचऱ्याच्या ढिगात आहे का म्हणून पाहिलं, तिथे नव्हता. पेटीतही नव्हता. काय समजायचं ते मला कळत नाही. तू वाईट समजू नकोस आणि चांगलंही समजू नकोस, हातपाय धुऊन आधी जेव.

बसवाला भोंगा वाजवतो आहे. माया टेबलाच्या खणात आहे, कपाटाच्या किल्लीसोबत.

चिमी

२९ जून

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद.

पोचलो. जेवलो. तुझी चिठ्ठी वाचली. मांजराने मला ओळखलं नाही आणि अंथरूण द्यायलाही ते तयार नव्हतं. आता आम्ही दोघं एकेका कडेला आहोत.

कालची गंमत सांगतो, म्हणजे गंमत म्हणावी की काय ते तूच ठरव. इकडच्या विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांच्या टेबलाशी माझी बॅग आली आणि आतून ठण् ठण् ठणाठण् सुरू झालं. किल्ली थोडी शिल्लक राहिली असावी. चार गणवेश धावत आले. मागची रांग दहा पावलं मागे सरली. एका साहेबांनी मला विचारलं, की आत काय आहे. मी सांगितलं, माझा भाऊ. घाईत तेच तोंडात आलं. त्यामुळे प्रकरण वाढलं.

शेवटी अस्वल टेबलावर उभं केलं. डगला तपासला, ढोल तपासला, कारंज्यात एक काडी घालून पाहिली. साहेबांना वाटलं, तो शेवटचा ठोका संशयास्पद आहे. मी म्हटलं, साहेब, त्याला कारण आहे. आणि ते सांगण्यासाठी मला नावाड्याची कविता म्हणावी लागली. सगळी म्हटली, गं. अस्वल ताल धरत होतं, मी ओळ संपली की दोरा तुटेपर्यंत थांबत होतो. तिसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतून कुणीतरी पुढचा शब्द सांगितला. साहेब मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी, पुन्हा एकदा बघू म्हणून, स्वतः किल्ली दिली. एक फेरा दिला, दोन दिले, भरात येऊन पाचवा दिला, आणि आतून कट् असा आवाज आला.

स्प्रिंग तुटली, चिमे. साहेबांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी माझी दुसरी बॅग उघडलीच नाही.

तेव्हापासून अस्वल गप्प आहे. सकाळपासून मी खटपट करतो आहे. डावा हात तसाच लोंबतो, पण फेरीच सुरू होत नाही तर जादा ठोका कुठून यायचा? आता ते टेबलावर, या कागदाच्या समोर उभं आहे, आणि दोघंही एकमेकांकडे बघतो आहोत. या आवाजाच्या भरवशावर मी निघालो होतो. आवाज गेला, आता उरलं ते नुसतं भयाण. हे घेऊन दिवसभराचा प्रवास करून दादाच्या मुलाच्या दारात उभं राहायचं? आणि दादाने तर माझ्या पत्राची लांबी मोजली. कमी भरली असेल. बारा वर्षांना एवढंच कापड कसं पुरणार?

तरी जाईन म्हणतो. दुपारी, ऊन खिडकीतून टेबलावर आलं तेव्हा, सवयीने एक चिठ्ठी लिहून त्याच्या बुडाला चिकटवून ठेवली. तुला कळावी म्हणून इथे उतरवतो. भाऊकडून. भयाण. दादाजवळ ठेवणे.

तू परत कधी येतेस? मोरीची दोरी आता फारच गळते. मला एक सविस्तर पत्र लिही, त्याची खोली कशी आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, उजेड पुरेसा येतो का, आणि तो माझं

थांब. चिमे, हे बघ. मी शपथेवर लिहितो आहे, अस्वल जागचं हललेलं नाही. त्याचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर खाली आहेत. आणि मला आवाज येतो आहे. ठण् ठण् ठणाठण्.

दारातून येतो आहे. बाहेरच्या लोखंडी जाळीवर कुणीतरी पितळ वाजवतंय. कान वाजत असतील म्हणून मी पेन उचलून थांबलो. आता आवाज थांबला.

ठक्.

खिडकीच्या कडेतून वाकून पाहिलं. जाळीमागे कुणीतरी उभं आहे, प्रवासाने पार चुरगळलेला सदरा, आतल्या खिशावर दोन टाके. सोबत मुलगाबिलगा कुणी नाही. तुला तरी सांगून निघाला का गं तो? काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट आहे आणि वरून कागद फाडून एक सोनेरी टोक बाहेर आलं आहे.

पत्र असंच टाकतो आहे, खाली सही करायला वेळ नाही. दार उघडायला जातो.